एनए झालाय म्हणजे काय पण बांधता येतं? नाही हो!

कोल्हापुरात प्लॉट बघायला गेलं की एजंटचं एकच पालुपद, "एनए हाय, बिनधास्त बांधा." आणि लोक खरंच बिनधास्त पैसे देतात, म्हणून हे लिहितोय.

एनए म्हणजे जमीन शेतीऐवजी दुसऱ्या कामाला वापरायची महसुली परवानगी, बास. बांधकाम परवानगी वेगळी, ती १९६६ च्या नगररचना कायद्याखाली घ्यावी लागते, आणि तिथं झोन कुठला (रहिवासी, शेती वगैरे), रस्ता किती फुटी, मार्जिन (बांधकामाभोवतीची मोकळी जागा) किती सोडायचं हे सगळं बघतात. पंचगंगेच्या बाजूला असाल तर पूररेषा पण. पूररेषा दोन, नदीजवळची ब्लू आणि त्याच्या बाहेरची, मोठ्या पुराची रेड. ब्लू लाइनच्या आत नवीन बांधकामाला साधारणपणे मनाईच, ब्लू आणि रेडच्या मधे जोतं रेड लाइनच्या पातळीपेक्षा उंच घ्यावं लागतं. २०१९ ला दुधाळीत पाणी शिरलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे का ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट लोक विसरतातच, ती खाजगी अटींची. आमच्या मामांनी घेतलेल्या प्लॉटच्या जुन्या खरेदीखतात तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं की पूर्वेकडची १० फुटी बोळ मागच्या प्लॉटवाल्यांना कायम वहिवाटीला मोकळी ठेवायची. मामांना वाटलं नकाशा मंजूर झाला म्हणजे बोळ आपली. पण मंजुरीनं शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क जात नाही, तो दिवाणी कोर्टात मागता येतो, आणि शेजाऱ्यांनी मागितलाच, कंपाउंड पाडायला लागलं.

तेव्हा इसार द्यायच्या आधी झोन दाखला काढा, आणि मागची सगळी खरेदीखतं वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या.