अंबर आणि कोपल: दिसायला सारखे, सांगणं मात्र वेगळं

मधाच्या रंगाचा पारदर्शक खडा आणि आत अडकलेली माशी. ऑनलाइन दुकानात त्यावर सर्रास ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीचा अंबर’ असं लिहिलेलं असतं, आणि बरेचदा तो असतो कोपल.

दोन्ही मुळात झाडाच्या खोडातून पाझरलेली राळच. गाडल्या गेलेल्या राळेतले उडून जाणारे घटक हळूहळू निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि राळ कडक होते. हे काम अर्धवट झालेलं असेल तर कोपल, पुरं झालं की अंबर. सीमारेषा नेमकी कुठे आखायची यावर वाद होते. २०२० साली काही संशोधकांनी वयावरून वाटणी सुचवली: २५.८ लाख वर्षांहून जुना तो अंबर, त्याअलीकडचा कोपल, आणि राळ १७६० नंतरची असेल तर तिला कोपलही म्हणायचं नाही. मादागास्करचे ‘प्राचीन’ म्हणून विकले गेलेले कित्येक खडे कार्बन चाचणीत जेमतेम काही शतकांचे निघाले आहेत.

अंबर आपल्याला नाहीशा झालेल्या जगात नेतो. म्यानमारच्या काचिन भागातला अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या एका खड्याचं वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. जेमतेम ३३ मिलिमीटर लांबीच्या त्या खड्यात जमिनीवरचे कोळी, गोचिडांच्या जातकुळीतले माइट्स, भुंगेरे आहेत आणि त्यांच्याच शेजारी अमोनाइट या समुद्री प्राण्याचा शंख! शंखात वाळू भरलेली, म्हणजे प्राणी आधीच मेलेला आणि शंख किनाऱ्यावर येऊन पडलेला. राळ गाळणारं ते जंगल समुद्राला खेटून होतं, हे त्या एका खड्यावरून कळलं.

आपल्या शेजारच्या गुजरातेत, सुरतजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीतही अंबर मिळतो, ५ ते ५.२ कोटी वर्षांपूर्वीचा. तो गाळणारी झाडं शाल वृक्षाच्या कुळातली, म्हणजे आपण धुपात घालतो ती राळ देणाऱ्या झाडाची भाऊबंद. भारत तेव्हा नुकता आशियाला भिडत होता. दीर्घकाळ एकट्या पडलेल्या या भूमीवर जगावेगळे कीटक सापडतील अशी अपेक्षा होती. २०१० मध्ये निष्कर्ष आले ते उलटे: इथल्या कीटकांचे नातेवाईक युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि थेट मध्य अमेरिकेतही!

मग कोपल काय, नुसता नकली माल? मला तसं अजिबात वाटत नाही. त्यातले बहुतेक कीटक आजही जिवंत असलेल्या जातींचे, त्यामुळे जंगल तुटण्यापूर्वी तिथे कोण राहत होतं याची ती नोंदच असते. शिवाय ताज्या राळेने अंबराचीच उलटतपासणी करता येते. मादागास्करमध्ये संशोधकांनी राळ गाळणाऱ्या झाडांभोवती कीटकांचे वेगवेगळे सापळे लावले आणि राळेत अडकलेल्या कीटकांशी ताडून पाहिले. राळेतला ऐवज सगळ्यात जास्त जुळला तो खोडावरच्या चिकट सापळ्यांशी. म्हणजे अंबरात दिसतं ते खोडावर आणि खोडाच्या आसपास वावरणारं जग. त्यात मुंग्या भरपूर दिसल्या म्हणून अख्ख्या जंगलात त्यांचंच राज्य होतं असं म्हणता येत नाही.

डीएनएबाबत मात्र दोघेही निराश करतात. २०१३ मध्ये कोलंबियाच्या, तेव्हा कोपलच म्हटलेल्या राळेतल्या डंखहीन मधमाश्या तपासल्या, त्यातली एक तर शंभर वर्षांच्याही आतली. तरी खात्रीलायक प्राचीन डीएनए हाती आला नाही. कोट्यवधी वर्षांच्या अंबरातून डायनासोर उभा करणं सिनेमापुरतंच ठीक.

विकत घ्यायचाच असेल तर मिठाच्या पाण्यात तरंगतो का, या चाचणीवर विसंबू नका, कोपलही तरंगतो. अ‍ॅसिटोनचा थेंब टाका, कोपल चिकट होतो, अंबर सहसा नाही. पण याला अपवाद आहे तो वस्तानचाच. तो अस्सल अंबर असूनही त्यातले रेणू पुरते गुंफलेले नाहीत, त्यामुळे टोल्यूईनसारख्या द्रावकात तो विरघळतो. संशोधकांच्या ते पथ्यावरच पडलं, कारण त्यातून कीटक अख्खा बाहेर काढता येतो.