दागिने गाठवणे

दागिने गाठवणे : मणी, मोती, वाट्या, पदके असे सुटे नग दोऱ्यात किंवा तारेत ओवून, गाठी मारून अथवा तारेचे वेढे देऊन त्यांचा दागिना करण्याची कला. महाराष्ट्रात हे काम परंपरेने पटवेकरी करतात. सोनार नग घडवतो आणि पटवेकरी ते गाठवतो. मंगळसूत्र, बोरमाळ, मोहनमाळ, तन्मणी, ठुशी हे सारे या हातातून जातात. दागिना तुटतो तो बहुधा सांध्यात, मणी फुटल्यामुळे क्वचितच. म्हणून शिकणाऱ्याने नक्षीच्या मागे लागण्याआधी सांधा पक्का करायला शिकावे.

मणी ओवण्याची परंपरा फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत आणि सातवाहनकालीन तेर येथे मणी सापडले आहेत. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय मणी व काच यांवर मोलाचे संशोधन केले. प्राचीन दगडी मण्यांना बरेचदा दोन्ही टोकांकडून भोक पाडत. अशा भोकाच्या आत कंगोरा राहिला तर दोरा तिथेच झिजतो. त्यामुळे मणी निवडताना रंगाइतकेच भोकाकडेही पाहावे लागते.

मोत्यांच्या माळेत दर दोन मोत्यांमध्ये गाठ असते. मोती मऊ असल्याने एकमेकांवर घासून खराब होतात, आणि माळ तुटलीच तर गाठींमुळे ते घरभर विखुरत नाहीत. गाठ मोत्याला चिकटून बसवणे हे यातले खरे कसब. आधी सैल गाठ घ्यायची, तिच्या फासात सुई घालायची, सुईने फास सरकवत मोत्यापाशी आणायचा, दोरा ताणायचा आणि सुई अलगद काढून घ्यायची. दोन गाठींचा ताण सारखा नसेल तर माळ गळ्यात नीट पडत नाही. हा ताण बोटांनाच कळावा लागतो. त्यासाठी आधी स्वस्त काचमण्यांवर भरपूर सराव करावा.

तारकामात जाडी गेजमध्ये मोजतात. आकडा वाढतो तशी तार बारीक होते; ब्रिटिश प्रमाणित मापात २२ गेजची तार सुमारे ०.७१ मिमी, तर २६ गेजची ०.४६ मिमी जाड असते. नथीत हे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात : जाड तारेचा सांगाडा आणि त्यावर मोती बांधणारी बारीक तार. मोत्याचे भोक लहान असल्याने बांधायची तार बारीकच लागते.

ओवलेल्या मण्याला कडी करताना तार मण्याच्या तोंडाशी काटकोनात वळवतात, गोल तोंडाच्या पकडीभोवती फिरवतात, उरलेल्या टोकाचे मानेभोवती दोन-तीन वेढे देतात आणि टोक दाबून बसवतात. हे टोक वर राहिले तर साडीचा पदर त्यात अडकतो. पकडीचे तोंड निमुळते असते. त्यावर पेनाने खूण करून दर वेळी तिथेच तार धरली की कड्या एका मापाच्या होतात. वेढे न दिलेली सुटी कडी उघडताना तिची टोके बाजूला ओढू नयेत, एक पुढे व एक मागे अशी फिरवावीत, नाहीतर तिची गोलाई जाते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून निववली की पुन्हा मऊ होते.

आज रेशमी दोऱ्याच्या जोडीला तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गिअर वायर वापरतात. गिअर वायर म्हणजे नायलॉनचे वेष्टण असलेली पोलादी तार. ती गाठ धरत नाही, म्हणून टोकाला गिअर लॉक हा बारीक नळीसारखा मणी दाबून बसवतात. जड खड्यांसाठी ती उत्तम. मोत्यांना मात्र रेशीमच शोभते, कारण गाठीने येणारी लवचीक लड तारेत मिळत नाही. गिअर वायर फार ताणून बसवली तर माळ ताठ राहते आणि लॉकपाशी ताण येतो, म्हणून किंचित सैल सोडावी. ठुशीसारख्या दागिन्यात मागची सरकती डोरी मापाची अडचण सोडवते. ती गोंड्यासह बांधायला शिकणे हा स्वतंत्र धडा आहे.

सुटे साहित्य मुंबईत भुलेश्वरला आणि पुण्यात रविवार पेठेत मिळते. शिकताना तांब्याच्या तारेपासून सुरुवात करतात, मग पितळ व चांदी. सोन्याची तार हात पुरता बसल्यावरच हाती घेतात.