जुनी जीप, क्लबचं सभासदत्व आणि 'व्हीए' नंबर: अर्ज नेमका कुठं अडतो

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत कोठ्यात धूळ खात उभ्या असलेल्या विलीज जीप, फियाट, ॲम्बॅसॅडर लोक आता पुन्हा चालू करत आहेत. क्लबात नाव नोंदवून रॅलीत गाडी उतरवायची हौस फार चांगली. क्लबचा अर्जही सोपा असतो: आरसी, विमा, लायसन्स, गाडीचे चारही बाजूंचे आणि इंजिनचे फोटो, वर्गणी. बदल्यात रॅलीत प्रवेश, सुट्या भागांचे पत्ते आणि कार्ब्युरेटर समजणारा मिस्त्री मिळतो. मात्र सभासद झाल्यानं गाडी सरकारदरबारी व्हिंटेज ठरत नाही. तो अर्ज आरटीओकडं वेगळा करावा लागतो (नव्यानं नोंदलेल्या व्हिंटेज गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात), आणि बरेच अर्ज तिथंच परत येतात.

पहिला घोळ वयाचा. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' 30 वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते, म्हणून लोकांच्या डोक्यात 30 बसलेलं असतं. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांत मात्र 50 वर्षं पूर्ण लागतात, आणि तीही पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. लष्कराच्या लिलावातली जीप घेतलेल्यांनी हे आधी पाहावं. गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवरचं साल जुनं असतं, पण आरसीवरची तारीख बरीच नंतरची निघते. शिवाय गाडी खासगी वापराची हवी. काळी-पिवळी म्हणून सवाऱ्या वाहणारी, परमिटवरची जीप यात बसत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावावर. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि नातू तलाठ्याकडची वारस नोंद घेऊन आरटीओत उभा! ती नोंद जमिनीची असते. तिच्यानं गाडी नावावर होत नाही. इथं नमुना 31, म्हणजे मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर. नियमानं हा अर्ज मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झाला असेल तर दंड धरून चला. आत्या-काकांच्या सह्या आधी गोळा करा. एक सही राहिली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आरसीवर 'रामराव' आणि दाखल्यावर 'रामाजी' असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्रही जोडा. आरसीच हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि नमुना 26 (दुसऱ्या प्रतीचा अर्ज). जुनी वहीतली नोंद संगणकावर चढलेलीच नसेल, तर 'बॅकलॉग एन्ट्री' करून मिळावी असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून 'पुढच्या आठवड्यात या' ऐकत बसू नका; ती नोंद चढवणं हे कार्यालयाचं काम आहे.

दुसरी मोठी अडचण इंजिनची. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडं कित्येक जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं, आणि आरसीवर नंबर जुनाच राहिला. नियमात गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. तपासणीत हे लपत नाही, त्यामुळं नोंदणीचे वीस हजार रुपये भरण्याआधी इंजिन आणि चासीचे नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा. चासी नंबर गंजला असेल तर डिझेल लावून मऊ ब्रशनं हळूहळू साफ करा, ग्राइंडर लावू नका. आणि कोणी कितीही सांगो, वेल्डरकडून नंबर पुन्हा ठोकून घेऊ नका. चोरीच्या गाडीचा संशय एकदा आला की तो निस्तरणं फार जड जातं.

बाकी प्रक्रिया सरळ आहे: नमुना 20 (नोंदणीचा अर्ज), विमा, जुनी आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद). नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या वेळी 5,000. नियमात 60 दिवसांची मुदत आहे, ती अनेक जण उलटी वाचतात. ती तुमच्यासाठी नाही, त्या मुदतीत प्रमाणपत्र देणं कार्यालयावर बंधनकारक आहे. गाडी विकली तर मात्र 90 दिवसांत विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनीही कळवायचं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो हवा असेल तर अर्ज देतानाच तसं सांगा.

आणि हे घरात नीट बोलून ठरवा: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वावरात किंवा बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथवरचा जाण्यायेण्याचा प्रवास, इंधन भरणं आणि दुरुस्ती, अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. जीप अजून कामाची असेल तर नमुना 25 (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) भरून, पर्यावरण कर देऊन साधं नूतनीकरणच करा; त्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत देता येतो. आणि व्हिंटेज नोंदणी घेऊन नागपूरला रॅलीला निघालात, तर आयोजकांचं निमंत्रणपत्र छापून गाडीत ठेवा. वाटेत थांबवलं तर आधी तेच मागतील.