ओके आलं कुठनं, आणि एवढे अर्थ त्याला चिकटले कसे

बेळगावात, खानापुरात, निपाणीत, संकेश्वरात कुठंही जरा वेळ थांबून कान दिला की एक शब्द मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा सगळेच न अडखळता वापरताना ऐकू येतात, तो म्हणजे ओके. आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. "उद्या सकाळी येतो की, ओके?" मधलं ओके म्हणजे चालतंय का, "पिक्चर ओके ओके होता" म्हणजे बरा होता, जाऊन बघण्यासारखा नाही, "ताप उतरला, आता ओके हाय" म्हणजे तब्येत सुधारली, "इंजिनियरनी प्लॅन ओके केला" म्हणजे मंजुरी दिली, आणि फोनवर शेवटी "ओके ओके, ठेवू काय मग" म्हणतो तेव्हा तर त्याचा काम म्हणून एकच उपयोग, बोलणं संपलं हे सांगायचं. हे सगळे अर्थ आपल्याकडं आल्यावर फुटले असं बऱ्याच जणांना वाटतं, पण यातले महत्त्वाचे अर्थ पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच अमेरिकेत तयार होत होते. म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितोय.

गोष्ट सुरू होते बॉस्टन शहरात. १८३८-३९ च्या सुमारास तिथल्या पेपरवाल्यांमध्ये एक फॅड आलं होतं, साध्या वाक्यांची आद्याक्षरं घ्यायची आणि तीसुद्धा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची. म्हणजे 'नो यूज' लिहायचं तर 'नो'ला पुढं के लावायचा, 'यूज' वायनं सुरू करायचं आणि छापायचं के.वाय., 'नो गो' म्हणजे जमणार नाही याचं के.जी., 'ऑल राइट'चं ओ.डब्ल्यू. आजची पोरं मेसेजमध्ये जे करतात तेच, फक्त ते छापील पेपरात चालायचं आणि वाचणाऱ्यांनाही ते कळायचं. याच फॅडमध्ये २३ मार्च १८३९ ला 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या पेपरात चार्ल्स गॉर्डन ग्रीन या संपादकानं अँटी बेल रिंगिंग सोसायटी नावाच्या एका थट्टेखोर मंडळाबद्दल लिहिताना ओ.के. असं छापलं आणि लगेच पुढं फोड दिली, ऑल करेक्ट. त्याचं मुद्दाम बिघडवलेलं स्पेलिंग 'ओल कोरेक्ट', ऑलला ए नाही, करेक्टला सी नाही. म्हणजे 'सगळं बरोबर' सांगणाऱ्या शब्दातली दोन्ही अक्षरं चूक, गंमत तीच होती. छापील ओके म्हणून सापडलेली सगळ्यात जुनी नोंद ती हीच.

तसं बघितलं तर त्या फॅडमधली बाकीची बहुतेक अक्षरं लवकरच मेली. ओकेसुद्धा मेलं असतं, पण १८४० ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली आणि मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे राहिले. हे आठवे राष्ट्राध्यक्ष, न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायचे. त्याची आद्याक्षरं पुन्हा ओ.के.! समर्थकांनी न्यूयॉर्कात ओ.के. क्लब काढला, आमचा म्हातारा ओके आहे म्हणत सभा घेतल्या. विरोधक पण गप्प बसले नाहीत, त्यांनी त्याच अक्षरांचे वाईट वाईट अर्थ लावले, पैसा संपलेले वगैरे, कारण १८३७ पासून तिथं मंदी होती. निकालात व्हॅन ब्युरेन आपटले, विल्यम हेन्री हॅरिसन यांना २३४ मतं आणि यांना ६० (तिकडची इलेक्टोरल मतं), पण महिनोन् महिने दोन्ही बाजूंनी ओके ओके करून तो शब्द देशभर पोचवला तो पोचवलाच.

यातली एक गोष्ट सीमाभागातल्या माणसाला जास्त जवळची वाटेल असं मला वाटतं. व्हॅन ब्युरेन यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, डच होती. किंडरहूक हे जुन्या डच वस्तीतलं गाव, घरात डच, बाहेर इंग्रजी. इंग्रजी ही मातृभाषा नसलेला अमेरिकेचा आजपर्यंतचा हा एकच राष्ट्राध्यक्ष, आणि जगात सगळ्यात जास्त पसरलेला इंग्रजी शब्द त्याच्या गावाच्या नावामुळं वाचला. घरात एक आणि कचेरीत दुसरी भाषा बोलून मोठी झालेली माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, त्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे.

त्याच प्रचारात एक खोटी गोष्टही सोडली गेली, ती आजही फिरते. व्हॅन ब्युरेन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना म्हणे शुद्धलेखन येत नव्हतं, ते कागद मंजूर करताना 'ओल कोरेक्ट' समजून ओ.के. लिहायचे. विरोधकांनी चेष्टेत पसरवलेली कंडी ती, पण लोकांना पटली, आणि साहेब कागदावर ओके मारतो ही कल्पना तिथनंच घट्ट झाली. याशिवाय चोक्टॉ या मूळ अमेरिकन भाषेतला 'ओकेह', ग्रीकमधलं 'ओला काला', स्कॉटिश 'ऑख आय', पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला शब्द, असे बरेच दावे झाले. चोक्टॉवाला दावा तर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना एवढा पटला होता की ते कागदावर तसंच 'ओकेह' लिहायचे. हा सगळा गुंता सोडवला कोलंबिया विद्यापीठातल्या ॲलन वॉकर रीड या भाषाअभ्यासकानं. जुन्या पेपरांच्या फायली चाळून त्यांनी बॉस्टनपासूनचा माग काढला आणि १९६३-६४ मध्ये लेखमाला लिहून पुराव्यानिशी मांडला. माझ्या मते या माणसाचं काम फार मोठं आहे, कारण शब्दांच्या बाबतीत गोड गोष्ट आणि खरी गोष्ट यात लोक नेहमी गोड गोष्ट उचलतात.

आता मुद्द्याचं. निवडणूक संपल्यावर १८४४ ला मॉर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली आणि पुढं तारा सगळीकडं पसरल्या. तारेवर इकडनं संदेश पाठवला की तिकडच्या ऑपरेटरला काहीतरी छोटं उलट पाठवावं लागायचं, पोचला म्हणून. दोन अक्षरांचं ओके त्या कामाला एकदम फिट्ट बसलं, रेल्वेवाल्यांनीही उचललं. पण इथं बघा काय झालं, तारवाल्याच्या ओकेचा अर्थ फक्त 'पोचलं' एवढाच. मजकूर खरा की खोटा, पटला की नाही पटला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे एका शब्दात आता तीन कामं आली: पेपरातलं ओके म्हणजे बरोबर आहे, जॅक्सनच्या कंडीतलं म्हणजे मंजूर आहे, आणि तारेतलं म्हणजे पोचलं आहे. आजही आपण ओके म्हणतो तेव्हा यातलंच एक काहीतरी म्हणत असतो, आणि भांडणं होतात ती एकानं एक म्हटलं, दुसऱ्यानं दुसरं ऐकलं म्हणून.

आपल्याकडच्या रस्त्यावर असे इंग्रजी कामाचे शब्द आणखीही आहेत. वायव्य कर्नाटक सारिगेच्या बसमध्ये बसलं की कंडक्टरचं "होल्डॉन" आणि "राईट राईट" ऐकू येतं, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसालासुद्धा राईट म्हणजे गाडी निघाली हे माहीत असतं. बॉस्टनच्या फॅडमधलं ओ.डब्ल्यू. मेलं, पण त्यातला राईट आमच्या बसमध्ये रोज जिवंत आहे. पुणे-बेंगळूर हायवेवर ट्रकांच्या मागं 'हॉर्न ओके प्लीज' असायचंच. त्यातला ओके तिथं कसा गेला याच्या तीन-चार गोष्टी सांगतात, कुणी म्हणतं दुसऱ्या महायुद्धात रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकांवर 'ऑन केरोसीन' लिहायचे, कुणी म्हणतं टाटांच्या ओके साबणाची जाहिरात होती, पण एकालाही धड पुरावा नाही. २०१५ च्या एप्रिलअखेर महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं या ओळीवर बंदी घातली, विनाकारण हॉर्न वाजवायला ती सांगते म्हणून. म्हणजे कोगनोळी नाका ओलांडून कागलकडं गेलं की जी ओळ नियमात बसत नाही ती नाक्याच्या अलीकडं त्या आदेशात येत नव्हती.

पण ओकेचा खरा वजनदार वापर बघायचा तर बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत जावं. बेळगावचा फौंड्री धंदा मोठा, इथली कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग, लांब लांब जातात, आणि त्या धंद्यात ओके हा नुसता बोलायचा शब्द नाही, तो शिक्का आहे. साच्यातनं निघालेलं कास्टिंग फेटलिंग होऊन, म्हणजे घासून, कडा साफ होऊन तपासणीच्या टेबलावर येतं. तपासणारा माणूस हातात घेऊन फिरवून बघतो, ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, आहे काय, चीर गेली आहे काय, माप गेजमध्ये बसतंय काय, आणि मग खडूनं किंवा पेंटनं खूण करतो. तिथं माल तीन ढिगात जातो, ओके, रिवर्क, रिजेक्ट. "अण्णा, हे ओके धरू काय?" असं पोरगं विचारतं तेव्हा "धर की, खरं तेवढी कड घासून घे" असं उत्तर आलं तर तो पीस अजून ओके झालेला नसतो, हे तिथं नव्यानं लागलेल्या पोरालाही कळतं. तिथल्या ओकेमागं एका माणसाची जबाबदारी असते, उद्या गिऱ्हाइकाकडनं माल परत आला तर ओके कुणी केला हे विचारलं जातं. १८३९ मधलं 'सगळं बरोबर' त्याच्या मूळ अर्थानं, आणि तेही पूर्ण गंभीरपणे, इथं वापरलं जातं. गो-नोगो गेज, म्हणजे माप बसतंय की नाही एवढंच सांगणारं साधन, तर प्रत्येक शॉपमध्ये असतं, ते बघितलं की मला के.जी.वाला 'नो गो' आठवतो.

काउंटरवरचं ओके मात्र वेगळं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, नंतर कचेऱ्यांचे कागद बदलत गेले. आता समोरचा कन्नडमधनं सुरू करतो, आपण मराठीतनं, दोघांनाही एकमेकांचं निम्मं-अर्धं कळतं, "सरी" की "बरं", "आय्तु" की "झालं" यात कुणी कुणाच्या भाषेत यायचं हा सूक्ष्म ताण असतोच. ओके म्हटलं की तो ताण जातो, कारण तो शब्द दोघांचाही नाही. हे चांगलंच आहे, रोजचं जगणं सोपं होतं, आणि "हौद्री (हो जी), ओके" म्हणून हसत निघणारी आमची माणसं मला आवडतात.

पण इथंच मला मनापासून काळजी वाटते ती सांगतो. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली एक मावशी बँकेत कर्जाच्या फॉर्मवर सह्या करत होत्या, फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, समोरचा माणूस भराभर सांगत होता आणि प्रत्येक पानाला "ओके ना?" विचारत होता, मावशी प्रत्येक वेळी "ओके" म्हणत होत्या. बाहेर आल्यावर मला विचारतात, "बाळा, काय म्हणाला रे तो, व्याजाचं काय म्हणाला?" त्यांचं ओके तारवाल्याचं होतं, तुमचा आवाज पोचला एवढंच. समोरच्यानं मात्र ते मंजूर म्हणून धरलं आणि सही घेतली. दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर, जमिनीच्या व्यवहारात, विम्यात हेच होत असतं. ज्याला समजलं नाही त्यानं भिडेपोटी म्हटलेलं ओके संमती म्हणून धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ही जबाबदारी विचारणाऱ्याची आहे, मावशींची नाही. "काय समजलं ते सांगा बघू" एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो.

नवीन अर्थ तर अजून तयार व्हायलेत. २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीतनं फोनवर बोलले ते "ओक्के मदी हाय" सगळ्या महाराष्ट्रात आणि आमच्या भागातही एका दिवसात पोचलं. व्याकरणाच्या दृष्टीनं हे फार सुंदर आहे, ओके हे विशेषण होतं, क्रियापद झालं होतं, आता त्याला 'मध्ये' लागून ती एक जागा झाली, माणूस ओक्केमध्ये राहू शकतो! बॉस्टनच्या ग्रीनसाहेबांनी याची कल्पनाही केली नसेल.

आणि बटनावरचं ओके. ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरच्या १९८१ मधल्या चाचण्यांत बटनावर 'डू इट' असं लिहिलेलं होतं. त्या अक्षरांच्या वळणात मधली जागा कमी दिसायची आणि मोठा आय हा छोट्या एलसारखा, त्यामुळं एका माणसानं ते 'डोल्ट' वाचलं, म्हणजे मठ्ठ, आणि हा कॉम्प्युटर मला मठ्ठ का म्हणतोय म्हणून वैतागला. मग ते बदलून ओके केलं गेलं. आज फोनवर अटी न वाचता आपण जे ओके दाबतो ते मावशींच्या ओकेपेक्षा फार वेगळं नाही, दाबणाऱ्याच्या दृष्टीनं 'बघितलं, पुढं चल', कंपनीच्या दृष्टीनं 'मंजूर'.

मेसेजमध्ये तर ओकेचंही नुसतं 'के' झालं, ते आलं की समोरचा रागावला काय अशी शंका येते. धंद्याच्या ग्रुपवर याचा त्रास जास्त, ऑर्डर टाकली, खालनं ओके आलं, एकानं धरलं माल सुटला, दुसऱ्याला म्हणायचं होतं मेसेज बघितला. म्हणून उद्यमबागेतल्या माझ्या ओळखीच्या काही लोकांनी आपल्या ग्रुपवर नुसतं ओके लिहायचं बंद केलंय. आता ते लिहितात, "मेसेज बघितला, उद्या सांगतो", नाहीतर "४०० नग मिळाले, तपासणी बाकी", आणि तपासणी झाली की मगच, कुणी तपासलं त्याच्या नावासकट, "ओके".