गिरणीपासून वर्गापर्यंत : रोजगारक्षम शिक्षण, कामावरची सुरक्षा आणि समावेशक शाळा

करिअरची तयारी, कामावरची सुरक्षा आणि समावेशक शिक्षण हे विषय आज शिक्षकांच्या हाती तीन वेगळ्या पुस्तिकांतून आणि तीन वेगळ्या प्रशिक्षणांतून पडतात. मुंबईत मात्र या तिन्ही प्रश्नांची सुरुवात कापडगिरण्यांतच झालेली दिसते.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र दिवसाला नऊ तास राबवायची मुभा होती. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूद याच कायद्यातली. शंभराहून कमी माणसं असलेले कारखाने त्यातून सुटले होते.

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत, आणि रविवारची सुट्टी १८९० साली पदरातही पडली. पण मला त्यातली आणखी एक मागणी फार मोलाची वाटते. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा जायबंदी होईल त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. अपघात आणि अपंगत्व यांचा एकत्र विचार इथल्या कामगारांनी तेव्हाच केला होता.

शिक्षणात मात्र वाटा वेगळ्या झाल्या. गिरण्यांना आणि कारखान्यांना कुशल माणसं हवीत म्हणून १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था सुरू झाली. ती १९२३ मध्ये माटुंग्याला गेली, तीच आजचं व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि तिने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. डिलाईल रोडला आज जोशींचंच नाव आहे. कर्णबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात माझगावला निघाली, अंध मुलांची १९०० साली. मिशनऱ्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या शाळांचं काम मोठं होतं, पण त्या बाकीच्या शाळांपासून वेगळ्या राहिल्या. १९५२ मध्ये राष्ट्रीय अंधजन संघ आणि १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीची स्पॅस्टिक्स सोसायटी, याही मुंबईतल्याच. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्राची योजना १९७४ साली आली.

सुरक्षेच्या शिक्षणाचं ठाणं शीवला आहे. तिथल्या केंद्रीय श्रम संस्थेचं उद्घाटन १९६६ मध्ये झालं आणि त्याच वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. दरवर्षीचा सुरक्षा दिन त्यावरूनच आला. दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय खाली न येणारी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं यंत्र, मुलांना एकदा दाखवून पाहा. हात यंत्राखाली राहूच नये म्हणून ती रचना आहे, हे त्यांना लगेच उमगतं. पाठ्यपुस्तकातले ‘सुरक्षेचे दहा नियम’ वाचून तसं होत नाही.

त्याच प्रेसवर एका हाताच्या कामगाराने कसं काम करायचं? बिघाडाचा भोंगा ज्याला ऐकूच येत नाही, त्याला धोका कळवायला लुकलुकणारा दिवा कुठे लावायचा? ‘अलार्म वाजला की बाहेर पडा’ हे वाक्य कर्णबधिर मुलाच्या काहीच उपयोगाचं नाही. हे प्रश्न सुरक्षेच्या पुस्तिकेत सहसा येत नाहीत आणि समावेशक शिक्षणाच्या पुस्तिकेतही नाहीत. माझी खरी तक्रार हीच आहे.

कायद्यांनी आणि धोरणांनी अलीकडे या वाटा पुन्हा जोडल्या आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानंतर नववीपासून व्यावसायिक विषय शाळेत आले. राज्यात २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि कलम १९ ने मुख्य प्रवाहातलं व्यवसाय प्रशिक्षण अपंग व्यक्तींना खुलं ठेवण्याचं बंधन घातलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस ठेवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे आणि कामाच्या ठिकाणी जाऊन शिकण्यासाठी.

साहित्य तयार करणाऱ्यांनी सुरुवात मुंबईच्या रात्रशाळांपासून करावी, असं मला मनापासून वाटतं. तिथली मुलं दिवसा गाळ्यात, गॅरेजमध्ये, हॉटेलात काम करतात. कापलेलं बोट, भाजलेला हात, ओल्या फरशीवर बसलेला शॉक हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. मराठीतून, चित्रांसह, ब्रेलमध्ये आणि सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओसह धडे करायचे तर कोणता धोका आधी घ्यायचा, हे ती मुलं पहिल्याच तासाला सांगतील.