खलाशी भरती (कोकण किनारा)

मासेमारीच्या हंगामासाठी बोटीवर माणसं ठरवायची, त्यांना आगाऊ पैसे द्यायचे आणि हंगाम संपला की हिशोब करायचा, हा सगळा व्यवहार म्हणजे खलाशी भरती. मिरकरवाडा, हर्णे, साखरीनाटे, देवगड, मालवण या बंदरांत हिची धावपळ मुख्यतः पावसाळ्यात असते, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद आणि 1 ऑगस्टला बोट सोडायची तर माणसं आधीच हाताशी हवीत.

पूर्वी होडीवर घरचीच नाहीतर गावचीच माणसं असायची. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीत, अजूनही मासळीच्या पैशाचे वाटे पडतात, जाळं ओढणारा तिथे मजूर नसतो, वाटेकरी असतो. साधारण 1960 नंतर इंजिनाच्या बोटी आणि ट्रॉलर वाढले तशी बऱ्याच ठिकाणी वाट्याच्या जागी पगाराची बोली आली, हे सगळीकडे एकदम झालं नाही. ॲडव्हान्सची चाल कुठून आली यावर दोन मतं आहेत. व्यापारी हंगामाआधी नाखव्याला (बोटमालकाला) पैसे देतो आणि मासळी मलाच घालायची म्हणतो, तीच रीत खाली खलाशापर्यंत उतरली असं एक मत, आणि कोकणातली पोरं मुंबईला नोकरीला गेली, बाहेरची माणसं आणावी लागली आणि ती नक्की यावीत म्हणून पैसे आधी द्यायला लागले असं दुसरं. दुसरं जास्त पटतं, कारण घरच्या माणसांच्या होडीवर ॲडव्हान्स सहसा नसतोच.

माणसं आणतो तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, नाहीतर जुना खलाशी आपल्या गावातून भाऊ-मेव्हणे घेऊन येतो. नेपाळ आणि कर्नाटकातून बरेच येतात. ॲडव्हान्स घेऊन खलाशी आलाच नाही किंवा मध्येच निघून गेला ही नाखव्यांची नेहमीची तक्रार, आणि खलाशी कमी पडले की हंगाम सुरू होऊनही बोटी जेटीला उभ्या राहतात.

कायद्यात खरा प्रश्न हा की खलाशी कामगार आहे का भागीदार. निव्वळ वाट्यावर असेल तर वाद घालता येतो, पण रक्कम ठरलेली, हुकूम तांडेलाचा आणि बोट-जाळी नाखव्याची असेल तर तो कामगारच धरायला हवा. तोंडी करारही करारच असतो. ॲडव्हान्स देणं गुन्हा नाही, पण त्यापायी माणसाला काम सोडून जाऊ दिलं नाही तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो आणि ते कर्जच रद्द होतं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही सक्तीची मजुरी, असं सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय. आणखी एक नियम बंदरात फारसा कुणी बोलत नाही पण महत्त्वाचा आहे, कामावर लागायच्या आधी दिलेला ॲडव्हान्स पगारातून वळता करता येतो, मात्र त्यातले प्रवासखर्चाचे पैसे कापता येत नाहीत. हे 1936 च्या वेतन कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायद्यात परराज्यातले पाच मजूर असले की नोंदणी लागायची, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत तो आकडा दहा झालाय, म्हणजे पर्ससीनची (गोल जाळं टाकून मासळी वेढणारी) मोठी बोट त्यात येऊ शकते आणि लहान होडी सुटते. नेपाळी खलाशी तर स्थलांतरित मजुराच्या व्याख्येतच नाही, कारण ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांसाठी आहे. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे तो इथे मोकळेपणाने काम करतो, पण स्थलांतरित मजूर म्हणून मिळणारं संरक्षण त्याला नाही, ही मोठी उणीव आहे.

नियुक्तीपत्राच्या जागी बहुतेक वेळा नाखव्याची वही असते. एका पानावर खलाशाचं नाव, त्याखाली ॲडव्हान्स, मग वेळोवेळी दिलेली खर्ची, गावी पाठवलेले पैसे, औषधाचे, आणि मे महिन्यात सगळं वजा करून उरलेलं. वही एकाच्याच हातात असते, त्यामुळे वाद झाला की खलाशाकडे दाखवायला काही नसतं. प्रत्येक नोंदीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी पुरावा होतो आणि काही जण तसं करायला लागलेत.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर समुद्रात जाणाऱ्यांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, त्यामुळे बोटीवर कोण आहे याची सरकारी नोंद होते, पण ती सुरक्षेसाठी, पगाराशी तिचा संबंध नाही. अपघाताचं वेगळं आहे. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मृत्यू झाल्यास पाच लाखांचा विमा आहे, पण त्यासाठी मच्छीमार म्हणून नोंद लागते आणि हंगामापुरता आलेला खलाशी ती नोंद क्वचितच करतो.