'दे लिव्ह बाय नाइट' : फरारी जोडप्याच्या कथेमागचा काळ

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जुने चित्रपट पाहतो. या खेपेला निकोलस रे या अमेरिकी दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट 'दे लिव्ह बाय नाइट' निवडला आहे. तुरुंगातून पळालेला बोवी आणि दारूड्या बापाच्या पेट्रोल पंपावर राबणारी कीची यांची ही गोष्ट कळल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, की दरोडेखोराच्या प्रेमाचे एवढे कौतुक कशासाठी? हा प्रश्न त्या काळी अमेरिकेच्या चित्रपट-नियंत्रकांनाही पडला होता. त्याचे त्यांनी काढलेले उत्तर आणि त्या उत्तराला बगल न देता रे यांनी साधलेला परिणाम समजून घ्यायचा, तर थोडे मागे, 1930 नंतरच्या मंदीत जावे लागते.

1930 ते 1933 या काळात अमेरिकेत सुमारे 9000 बँका बुडाल्या. ठेवी गेल्या, कर्जापायी शेते जप्त झाली, आणि टेक्सास-ओक्लाहोमाच्या पट्ट्यात धुळीच्या वादळांनी उरलेसुरले पीकही नेले. ज्या बँकेने आपले घर लिलावात काढले तीच बँक कोणी लुटली, तर गावकऱ्याला फारसे वाईट का वाटत नसे, हे यावरून कळते. त्यात 1932 साली फोर्डची आठ सिलिंडरची वेगवान मोटार बाजारात आली, आणि राज्याची हद्द ओलांडली की स्थानिक पोलिसांचे हात तोकडे पडत असल्यामुळे मोटार हेच फरार माणसाचे घर झाले. बँक लुटणे हा केंद्रीय कायद्याखाली येणारा गुन्हा ठरला तो 18 मे 1934 रोजी. त्यानंतर पाचच दिवसांनी, 23 मे रोजी, बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो हे टेक्सासचे तरुण जोडपे लुइझियानातल्या एका रस्त्यावर, चोरीच्या फोर्ड मोटारीतच, पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बॉनी 23 वर्षांची होती, क्लाइड 25 वर्षांचा.

योगायोग असा, की हॉलिवूडची आचारसंहिताही याच उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने लागू झाली. 1 जुलै 1934 पासून चित्रपट तपासणारे अधिकारी जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचा शिक्का असल्याशिवाय मोठ्या कंपन्यांचा चित्रपट लागणे दुरापास्त झाले. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये आणि गुन्ह्याची शिक्षा पडद्यावर दिसलीच पाहिजे, हे त्या संहितेचे सूत्र होते. परिणामी बॉनी आणि क्लाइड यांची कथा कित्येक वर्षे नावे बदलून, वळसे घेऊनच पडद्यावर येत राहिली. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग यांनी 1937 मध्ये 'यू ओन्ली लिव्ह वन्स'मध्ये पहिला ठळक वळसा घेतला. त्यातला नायक ज्या गुन्ह्यासाठी दोषी ठरतो त्यात निरपराध असल्यामुळे सहानुभूतीची अडचण बरीचशी सुटली होती.

त्याच वर्षी एडवर्ड अँडरसन या टेक्सासच्या पत्रकाराची 'थीव्हज लाइक अस' ही कादंबरी आली. शीर्षकातच तिचा डंख आहे : बँकवाले, वकील, पोलीस हे सगळेच आमच्यासारखे चोर, असे तिच्यातले दरोडेखोर म्हणतात. कादंबरीच्या अखेरीस बोवी आणि कीची दोघेही मारले जातात. निर्माते जॉन हाउसमन यांनी ही कादंबरी रे यांच्या हाती दिली, आणि निवड अचूक ठरली, कारण रे यांनी तो प्रदेश पायाखाली घातलेला होता. मंदीच्या काळात सरकारी योजनांमधून ते गावोगाव हिंडले होते. लोकगीतांचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांच्याबरोबर त्यांनी रेडिओवर लोकसंगीताचा कार्यक्रमही केला होता. चित्रपटातली गरिबी देखाव्यासारखी वाटत नाही, याचे श्रेय मी त्या भटकंतीला देतो.

रे यांनी नियंत्रकांशी भांडण करण्याऐवजी नजरच दुसरीकडे वळवली. दरोडे चित्रपटात जवळपास दिसतच नाहीत. एक दरोडा तर आपण बाहेर उभ्या मोटारीत, वाट पाहणाऱ्या बोवीबरोबर बसूनच अनुभवतो. शिक्षा अटळ आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे ती कधी येईल याच्या उत्सुकतेपेक्षा ती येईपर्यंतच्या चार क्षणांना मोल येते. सुरुवातीला दोघांचा चेहरा जवळून दिसतो आणि या मुलाची व या मुलीची आपल्या जगाशी कोणी रीतसर ओळखच करून दिली नाही, अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर उमटतो. लगेच पळणाऱ्या मोटारीचे दृश्य येते, तेही थेट हेलिकॉप्टरमधून टिपलेले. उपवन तलावाकाठी लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी घिरट्या घालणारे ड्रोन पाहून सरावलेल्या आपल्या डोळ्यांना त्याचे काही वाटणार नाही, पण 1947 साली कथापटात असे करणे ही मोठीच नवलाई होती.

लग्नाचा प्रसंग मात्र नीट पाहावा. रात्री उशिरा, बस थांबलेली असताना, दोघे रस्त्याकाठच्या एका विवाह-दुकानात शिरतात. मालक पैसे मोजून घेतो, अंगठीचे वेगळे लावतो आणि जाता जाता मोटारीचाही सौदा जुळवतो. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते, आणि ज्याच्या मागे पोलीस आहेत त्याला नोटिशीच्या फलकावर नाव झळकवणे कसे परवडणार! त्या दुकानात घाई, व्यवहार आणि हळवेपणा एकाच खोलीत उभे राहतात. बोवी आणि कीची साकारणाऱ्या फार्ली ग्रेंजर आणि कॅथी ओडॉनेल यांचा संकोच इथे अभिनयासारखा वाटतच नाही.

1947 मध्ये चित्रीकरण झालेला हा चित्रपट पुढे दोन वर्षे अडकला. 1948 मध्ये उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी चित्रपट काढणारी आरकेओ कंपनी विकत घेतली आणि चित्रपट कपाटात गेला. त्या वर्षी तो आधी लंडनमध्ये लागला, तिथल्या तरुण समीक्षकांनी उचलून धरला. अमेरिकेत झळकायला नोव्हेंबर 1949 उजाडले. दरम्यान खाजगी खेळात तो पाहून दिग्दर्शक हिचकॉक यांनी ग्रेंजरना आपल्या 'रोप' या चित्रपटासाठी निवडले होते, त्यामुळे चित्रपटाआधी नट प्रसिद्ध झाला.

पुढची वाटचाल सर्वपरिचित आहे. 1950 च्या 'गन क्रेझी'ने मोटारीच्या मागच्या सीटवरून सलग एका दृश्यात दरोडा दाखवला, रे यांना फ्रेंच समीक्षकांनी डोक्यावर घेतले, आणि 1967 मध्ये आर्थर पेन यांनी 'बॉनी अँड क्लाइड' खऱ्या नावांनिशी व रक्तानिशी उभा केला. तो चित्रपट अधिक गाजला; मला मात्र रे यांची दोन मुले जास्त आठवतात. पुढच्याच वर्षी आचारसंहिता मोडीत निघाली. 1974 मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी अँडरसन यांची कादंबरी मूळ शीर्षकासह पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा शेवट कसा करावा हे सांगणारे कोणी उरले नव्हते. तरी कादंबरीप्रमाणे दोघांना मारण्याऐवजी त्यांनीही, रे यांच्यासारखेच, गरोदर कीचीला एकटी मागे ठेवले.